गाडीचे पारपत्र आणि घराची हमी

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या मोटारीने सम्मेदशिखरजीची यात्रा करणारी कुटुंबे महाराष्ट्रातील जैन समाजात आता विरळ राहिलेली नाहीत. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीची वंदना करावी, परतीच्या वाटेवर राजगीरचे पहाड चढावेत, पावापुरीच्या जलमंदिरात क्षणभर शांत बसावे आणि मग, हाती चार दिवस उरले असतील तर, पाटण्यावरून रक्सौल गाठून नेपाळात उतरावे असा बेत अनेक घरांत आखला जातो. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ आणि एकविसावे नमिनाथ यांची जन्मभूमी मानली गेलेली प्राचीन मिथिला आज भारत-नेपाळ सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. त्यामुळे या सीमेपलीकडे जाणे जैन मनाला अगदी परक्या मुलखात जाण्यासारखे वाटत नाही.

रक्सौलची कमान ओलांडून वीरगंजमध्ये शिरताना मात्र प्रथमच एक नवी गोष्ट ध्यानात येते. भारतीय नागरिकाला नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्याच्या गाडीला मात्र परवानगी लागते. तेथील सीमाशुल्क कार्यालयाला ‘भन्सार’ म्हणतात. गाडीचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि ओळखपत्र दाखवावे, किती दिवस राहणार ते सांगावे, दिवसांच्या हिशोबाने शुल्क भरावे आणि चिठ्ठी घ्यावी अशी तेथील साधी रीत आहे. एका आर्थिक वर्षात भारतीय खासगी गाडीला अशा रीतीने ३० दिवसांपर्यंत राहता येते. सांगितलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ गाडी राहिली तर दंड होतो. माणूस सहज आत जातो आणि गाडीला मात्र हिशोब द्यावा लागतो, असे का, हा प्रश्न त्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या व्यापारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. स्वतःच्या वाहनाने दूरदेशी जाण्याचे सारे शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे.

गाडी म्हणजे माल

सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने परदेशातून आलेली मोटार ही प्रथम माल असते आणि नंतर वाहन. मोटारींवर अनेक देशांत जबर आयातशुल्क असते. काही ठिकाणी ते गाडीच्या किमतीइतके किंवा त्याहूनही अधिक भरते. प्रवासी म्हणून आलेल्या माणसाने गाडी तेथेच विकली आणि विमानाने घरी परतला, तर त्या देशाचा महसूल बुडतो. म्हणून आत येणारी गाडी ठरावीक काळात बाहेर जाईल, याची हमी तो देश मागतो.

ही हमी दोन प्रकारे देता येईल. एक, प्रत्येक सीमेवर पूर्ण शुल्काची रक्कम अनामत ठेवायची आणि बाहेर पडताना परत मागायची. दहा देशांच्या प्रवासात दहा चलनांत लाखो रुपये असे अडकवणे कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याला परवडणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे अशा एखाद्या संस्थेने हमी घ्यायची, जिचा शब्द त्या सर्व देशांत चालतो. या दुसऱ्या मार्गाचे नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’ असे आहे. फ्रेंच भाषेतील हे लांबलचक नाव व्यवहारात ‘कार्ने’ एवढेच उरते आणि तिलाच लोक गाडीचे पारपत्र म्हणतात.

खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी १९५४ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा या पुस्तिकेला आधार आहे. निरनिराळ्या देशांतील मोटार संघटना एका जागतिक साखळीत बांधलेल्या असून प्रत्येक संघटना आपल्या देशातील गाडीमालकाला कार्ने देते आणि परदेशातील सीमाशुल्क खात्यापुढे त्याची जबाबदारी स्वीकारते. भारतातही मोटार संघटनांच्या महासंघामार्फत हे काम चालते. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही या संघटनांपैकी एक होय.

जुन्या पेढ्यांचा इतिहास ज्या घरांत अजून सांगितला जातो, त्यांना ही व्यवस्था नवी वाटू नये. शाहजोग हुंडीचे तत्त्व हेच होते. दूरच्या गावी ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाच्या हातातील कागद चालत असे, कारण त्या कागदामागे उभी असलेली पेढी दोन्ही गावांत ओळखीची असे. कार्नेही तशीच चालते. इराणच्या सीमेवरील अधिकारी सांगलीच्या व्यापाऱ्याला ओळखत नाही. पण त्याच्या देशातील मोटार संघटना भारतातील संघटनेला ओळखते. साखळीतील प्रत्येक कडी मागच्या कडीवर विश्वास ठेवते आणि शेवटची कडी म्हणजे गाडीमालकाचे घर.

एका पानाचे तीन तुकडे

कार्ने पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची असते आणि सामान्यतः एक वर्ष चालते. गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन व चॅसी क्रमांक, रंग, बनावट, आसने, किंमत असा सारा तपशील तिच्यावर नोंदवलेला असतो. नंतर बसवलेला ध्वनिसंच किंवा छतावरील कॅरिअरसुद्धा त्यात यावा, अशी अपेक्षा असते. चॅसी क्रमांकातील एका अंकाची चूक सीमेवर पूर्ण दिवस खाऊ शकते; म्हणून पुस्तिका हाती पडताच ती नोंदणीपत्राशी आणि प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावी.

प्रत्येक देशासाठी एक पान वापरले जाते. पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना तेथील अधिकारी खालचा भाग फाडून घेतो आणि वरच्या भागावर प्रवेशाचा शिक्का मारतो. देश सोडताना मधला भाग फाडून घेतला जातो आणि वरच्या भागावर निर्गमनाचा शिक्का बसतो. वरचा भाग पुस्तिकेतच राहतो. प्रवास संपल्यावर प्रत्येक वापरलेल्या पानाच्या वरच्या भागावर दोन शिक्के असले म्हणजे हिशोब मिटला. एकच शिक्का असेल तर जमाखर्चाची एक बाजू कोरी राहिली, असे समजावे. त्या देशाच्या दृष्टीने गाडी अजून त्यांच्याच हद्दीत आहे आणि शुल्क देय झाले आहे.

दुपारची रांग, उन्हाने त्रासलेली मुले, पुढच्या मुक्कामाची घाई आणि भाषा न समजणारा अधिकारी अशा वेळी निर्गमनाचा शिक्का राहून जाणे ही अगदी साधी चूक आहे. पारपत्रावर शिक्का बसला म्हणजे काम झाले, असे प्रवाशाला वाटते; गाडीचे काम वेगळ्या खिडकीवर असते हे लक्षात राहत नाही. चूक पुढच्या देशात ध्यानात आली तर तेथील प्रवेशाचा शिक्का हा गाडी बाहेर पडल्याचा उपयोगी पुरावा ठरतो. शेवटी, गाडी मायदेशी परतल्यावर येथील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून ती प्रत्यक्ष हजर असल्याचा दाखला घेण्याची सोयही पुस्तिकेत असते. तथापि असा पुरावा जमवून दावा मिटवायला जो काळ आणि पत्रव्यवहार लागतो, त्यापेक्षा सीमेवर पाच मिनिटे थांबून पान पाहणे केव्हाही स्वस्त.

हमी कोणाची, सही कोणाची

मोटार संघटना ही जबाबदारी घेते, पण ती स्वतःच्या खिशातून नव्हे. कार्ने देताना ती गाडीमालकाकडून तेवढ्या रकमेचे तारण मागते, आणि बहुधा ते बँक गॅरंटीच्या रूपात असते. रक्कम गाडीची किंमत आणि प्रवासातील देश पाहून ठरते. ज्या देशात आयातशुल्क जास्त, त्या देशासाठी तारणही जास्त. यादीतील सर्वांत कडक देश साऱ्या प्रवासाचा आकडा ठरवतो. म्हणून एखादा देश केवळ ‘जमले तर पाहू’ म्हणून यादीत घालणे महागात पडते.

समजा, एखाद्या कापडव्यापारी कुटुंबातील गाडी १५ लाख रुपयांची आहे आणि प्रवासातील देशांमुळे तिच्या दुप्पट, म्हणजे ३० लाखांची हमी मागितली गेली. बँक ही हमी देते, पण आपल्या ग्राहकाच्या पतीवर. पूर्ण रकमेची मुदत ठेव असेल तर बँक त्या ठेवीवर आपला धारणाधिकार नोंदवते. ठेवीवर व्याज सुरू राहते. मात्र हमी सुटेपर्यंत ती मोडता येत नाही. ठेव नसेल आणि पेढीला आधीच गॅरंटी व लेटर ऑफ क्रेडिटची मर्यादा मंजूर असेल, तर तीच मर्यादा ३० लाखांनी कमी होते. मग ऐन दिवाळीपूर्वी माल भरण्याच्या वेळी पुरवठादाराला द्यायच्या लेटर ऑफ क्रेडिटला जागा उरत नाही. प्रवासाच्या खर्चाचा हिशोब करताना पेट्रोल, हॉटेल, व्हिसा हे सगळे मोजले जाते. ही अडकलेली पत मात्र मोजायची राहून जाते.

बँक गॅरंटीचा दुसरा गुणधर्मही घरात सर्वांना ठाऊक असला पाहिजे. ही हमी बिनशर्त असते. जिच्या नावे हमी दिली, त्या संस्थेने लेखी मागणी केली की बँक पैसे देते. ग्राहकाचे म्हणणे खरे की संस्थेचे, याचा न्याय बँक करीत बसत नाही. ‘आमची गाडी तर दारात उभी आहे’ हे सांगायला ग्राहक नंतर मोकळा असतो, पण तोपर्यंत रक्कम त्याच्या खात्यातून वजा झालेली असते. शिवाय कार्नेची मुदत संपल्यावरही परदेशी सीमाशुल्क खाते काही काळपर्यंत दावा कळवू शकते. त्यामुळे प्रवासी घरी परतला त्याच दिवशी ठेव मोकळी होईल, या हिशोबावर मुलीचे लग्न किंवा दुकानाची खरेदी योजू नये.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. प्रवासाची हौस बहुधा पुतण्याची किंवा मुलाची असते. बँकेत सही मात्र थोरल्या काकांची लागते. आनंदाच्या भरात ‘घे रे, जाऊन ये’ म्हणून केलेली सही साऱ्या घराला बांधते. म्हणून सहीपूर्वी सर्व भावांना एकत्र बसवून तीन गोष्टी उघड बोलाव्यात: रक्कम किती, ती किती काळ अडकणार, आणि दुर्दैवाने दावा आला तर तो कोणाच्या वाट्याचा. हे बोलणे अविश्वासाचे लक्षण नव्हे. पेढ्या टिकल्या आहेत त्या असे आधी बोलल्यामुळेच.

गाडी पेढीच्या नावावर असेल तर

व्यापारी घरांतील बऱ्याच गाड्या व्यक्तीच्या नावावर नसतात. कुणाची भागीदारी पेढीच्या नावावर, कुणाची कंपनीच्या, तर कुणाची हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर नोंदलेली असते. घसाऱ्याच्या दृष्टीने ती सोय असेल. सीमेवर मात्र ती अडचण ठरते. गाडी चालवणारा आणि गाडीचा मालक वेगळे दिसले की अधिकारी चोरीची शंका घेऊ शकतो. अशा वेळी पेढीच्या सर्व भागीदारांचे, कंपनीच्या संचालक मंडळाचे किंवा कर्त्याचे, गाडी अमुक व्यक्तीने अमुक देशांत नेण्यास संमती असल्याचे नोटरीकृत अधिकारपत्र सोबत असावे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतरही असावे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचे ना-हरकत पत्र लागते, कारण तारण ठेवलेला माल तिच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि खासगी प्रवासाचा खर्च पेढीच्या खात्यावर टाकण्याचा मोह टाळावा, हे वेगळे सांगायला नको.

इतर कागदांपैकी आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. गाडीच्या मागे लंबवर्तुळात ‘आय एन डी’ ही रोमन अक्षरे असलेली भारताची खूण लावावी लागते. नंबरपाटी रोमन अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांतच हवी. देवनागरीतील हौशी पाटी घरीच काढून ठेवावी.

विम्याबाबत एक गैरसमज फार आढळतो. भारतातील मोटार विमा भारताच्या भौगोलिक हद्दीपुरता असतो. अधिक हप्ता भरून त्याची व्याप्ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत वाढवून घेता येते. तशी नोंद पॉलिसीवर असावी लागते. त्यापलीकडे तो कागद निरुपयोगी होतो. पुढील देशांत तृतीय पक्षाचा विमा सीमेवर किंवा त्या देशातील कंपनीकडून घ्यावा लागतो. युरोपात यासाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाची साखळी आहे आणि तुर्कस्तान व इराणही तिच्यात आहेत, भारत नाही. म्हणून भारतीय गाडीला तेथील विमा वेगळा घ्यावा लागतो. ज्या रस्त्यावर एका अपघातात दुसऱ्याचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते, तेथे हा खर्च वाचवण्याचा विचारही मनात आणू नये.

वाटा उघडतात, वाटा मिटतात

एके काळी लंडन ते भारत ही सडक सामान्य प्रवाशांना खुली होती. १९५७ साली लंडनहून कोलकात्यापर्यंत प्रवासी बस आली होती आणि तिचे एकेरी भाडे ८५ पौंड होते. त्याआधी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुण १ सप्टेंबर १९५५ रोजी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि भारत, ब्रह्मदेश, थायलंडमार्गे ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोहोचले. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या आणि ती जुनी वाट सामान्य प्रवाशासाठी मिटली.

अलीकडच्या काळात भारतीय प्रवाशांनी दुसरी वाट काढली. मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमध्ये शिरायचे, तेथून थायलंड, लाओस, चीन, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान आणि रशिया असे करीत युरोप गाठायचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मोरे-तामू ही सीमा अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार म्हणून खुली झाली, तेव्हा ही वाट आता राजमार्ग होणार असे वाटले होते. पुढे महामारी आली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता हाती घेतली. वाट पुन्हा बेभरवशाची झाली. पश्चिमेकडे अटारीची सीमाही राजकीय तणावात बंद झाली. मग काही प्रवासी नेपाळमार्गे तिबेटचा विचार करतात, तर काही मुंबईजवळच्या बंदरातून गाडी कंटेनरमध्ये घालून आखाती देशांत पाठवतात आणि तेथून पुढे निघतात. कंटेनर म्हटला की बंदरातील भाडे, विलंबशुल्क, सागरी विमा हे सारे आले. आयात-निर्यातीचा अनुभव असलेल्या घरांना ते समजावून सांगण्याची गरज नाही.

देशोदेशीच्या रीतीही सारख्या नाहीत. चीनमध्ये परदेशी गाडीला तात्पुरती चिनी नंबरपाटी, चालकाला तात्पुरता परवाना आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यावा लागतो. युरोपीय संघातील देश कार्ने मागत नाहीत. बाहेरून आलेल्या प्रवाशाच्या गाडीला तेथे सर्वसाधारणपणे सहा महिने राहता येते. थायलंडमध्ये आपल्याप्रमाणेच डावीकडून गाडी चालवतात, तर मेकाँग नदीवरचा मैत्री पूल ओलांडून लाओसमध्ये गेले की उजवीकडून. आपल्या गाडीचे चक्र उजव्या बाजूला असल्यामुळे अशा देशांत समोरची वाट चालकाला दिसत नाही. पुढील ट्रकला ओलांडण्यापूर्वी शेजारी बसलेल्याने पाहून सांगावे लागते. हे काम झोपाळू माणसाकडे देऊ नये.

पैसा आणि डबा

परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते. पण त्यातील रोख नोटा सामान्यतः एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी. इराण व रशियासारख्या काही देशांसाठी नोटांची ही मर्यादा सैल आहे. इराणमध्ये तर व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतच नाहीत, तेथे रोखीवाचून पर्याय नाही. नोटा एकाच पाकिटात न ठेवता कुटुंबात वाटून ठेवाव्यात.

जैन कुटुंबाच्या प्रवासात डब्याला स्वतंत्र स्थान असते. खाकरा, ठेपले, मुगाची डाळ, भाजलेली कणीक, सुकी चटणी, छोटा गॅस आणि कुकर एवढी सामग्री असली की कंदमूळ टाळून अर्धे जग पार करता येते. पण सीमेवर डबाही तपासला जातो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे घरचे तूप आणि पेढे त्या सीमेपूर्वीच संपवावेत. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि ती जवळ सापडल्यास अटक होऊ शकते. मसाल्याच्या डब्यात, लाडवांत किंवा मुखवासात ती चुकूनही नसावी, हे निघण्यापूर्वी घरातील बायकांनी आणि पुरुषांनीही एकदा नीट पाहावे.

चौविहार पाळणाऱ्यांना या प्रवासात एक लाभही होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणजे त्याआधी मुक्कामी पोहोचायचे. अनोळखी देशात रात्री गाडी न चालवणे हा सुरक्षेचा पहिला नियम आहे. रात्रीच्या दिव्यांवर झेपावणाऱ्या जीवांची हिंसाही त्यामुळे टळते. युरोपच्या वाटेवर बेल्जियममधील अँटवर्पजवळ विलराईक येथील जैन मंदिर आणि इंग्लंडमध्ये पॉटर्स बार येथील ओसवाळ केंद्राचे मंदिर ही दोन ठिकाणे थकलेल्या कुटुंबाला घरी आल्याचा अनुभव देतात. हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला गेलेल्या पालनपुरी घरांनी आणि आफ्रिकेतून इंग्लंडला आलेल्या ओसवाळ कुटुंबांनी आपला धर्म सोबत नेला, त्याची ती साक्ष आहे.

घरून फोन आला तर

सर्वांत कठीण प्रसंग गाडी बिघडण्याचा नसतो. गाडी बिघडली तर ट्रकवर घालून सीमेपलीकडे नेता येते. ती जळाली किंवा मोडून पडली तरी सीमाशुल्क खात्याकडून तसा दाखला घेऊन हिशोब मिटवता येतो. परवानगीवाचून ती भंगारात विकता मात्र येत नाही. खरा कठीण प्रसंग म्हणजे घरून येणारा फोन. आई अत्यवस्थ आहे, वडील गेले, ताबडतोब या. तुर्कस्तानसारख्या देशात गाडीची नोंद प्रवाशाच्या पारपत्राशी जोडलेली असते. गाडी मागे ठेवून विमानात बसायला गेलेल्या माणसाला विमानतळावरच अडवले जाऊ शकते.

त्या घटकेला नियम शोधत बसण्याची मनःस्थिती नसते. म्हणून प्रत्येक देशात शिरतानाच दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: गाडी सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात कोठे व कशी सोपवता येते, आणि त्याचा कागद कोण देतो. कार्नेधारकाने रीतसर अधिकार दिलेला दुसरा माणूस गाडी चालवू शकतो. तेव्हा सोबतच्या एका प्रौढ व्यक्तीच्या नावे अधिकारपत्र आणि आंतरराष्ट्रीय परवाना आधीच तयार असावा. घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे सर्व कागदांच्या प्रती, मोटार संघटनेचा पत्ता आणि बँक हमीचा तपशील ठेवावा. या तयारीला दोन दिवस लागतात. ती नसेल तर अंत्यदर्शन चुकू शकते, आणि ती खंत कोणत्याही दाव्याच्या रकमेपेक्षा मोठी असते.

मर्यादा आधी, प्रवास नंतर

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताचा समावेश आहे. दहा दिशांपैकी कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा माणसाने स्वतःच आधी ठरवून घ्यायची. ज्या काळी व्यापारासाठी तांडे देशोदेशी हिंडत होते, त्या काळात हे व्रत सांगितले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मर्म उलगडते. व्यापाऱ्याने प्रवासच करू नये असे ते सांगत नाही. किती जायचे हे लोभाने किंवा हौसेने वाटेत ठरवू नये, ते घरी शांत मनाने ठरवावे, एवढे ते सांगते.

एखाद्या घरातील ज्येष्ठ विचारतील की एवढा पैसा, इंधन आणि धोका पत्करून केलेली ही भटकंती अनर्थदंडात मोडत नाही काय. प्रश्न टाळण्याजोगा नाही. पुष्कळ घरांत याचे उत्तर मर्यादेनेच दिले जाते: चातुर्मासात निघायचे नाही, रात्री चालवायचे नाही, ठरलेल्या देशांपलीकडे जायचे नाही, आणि घराच्या पतीला झेपेल त्याहून अधिक हमी द्यायची नाही. ज्यांना हे दूरचे वाटेल त्यांनी प्रथम शिखरजी, पावापुरी आणि रक्सौलची वाट धरावी. भन्सारच्या चिठ्ठीवर आठ दिवस नेपाळ पाहून वेळेत परत यावे. तो सराव आपल्याला कोठवर जायचे आहे, हे बरेचसे सांगून जातो.

दूर गेलेल्यांनी परतल्यावर एक काम विसरू नये. गाडी धुण्यापूर्वी कार्नेचे प्रत्येक पान तपासावे, सीमाशुल्काचा परतीचा दाखला घ्यावा, पुस्तिका मोटार संघटनेकडे जमा करून पोच घ्यावी आणि हमी मुक्त झाल्याचे पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. ते पत्र आणि मूळ गॅरंटी बँकेत दिली की ठेवीवरील धारणाधिकार निघतो. मोकळी झालेली ठेवपावती ज्या काकांनी सही केली त्यांच्या हाती नेऊन द्यावी. प्रवास त्या दिवशी संपतो.